व्यसन एकट्यानें सुटत नाहीं

आमच्या मराठवाड्यांत व्यसन सोडण्याची एक ठराविक रीत पडून गेली आहे. मनुष्य पाडव्याचा किंवा एकादशीचा दिवस पाहतो, देवापुढें हात जोडून किंवा आईच्या पायांना शिवून शपथ घेतो, कमरेची चंची उकिरड्यावर भिरकावतो आणि 'आजपासून सुटलें' असें चार लोकांत सांगतो. पंधरा दिवस बरे जातात. सोळाव्या दिवशीं तोच मनुष्य दुकानाच्या आडोशाला तळहातावर तंबाखू मळतांना दिसला, कीं पेठेंत हंशा पिकतो आणि कुत्र्याच्या शेपटाची म्हण बाहेर पडते. पुढें तो गृहस्थ शपथही घेत नाहीं आणि सोडण्याची गोष्टही काढीत नाहीं. नांदेड-लातुराकडील कोणाही वाचकास हें चित्र नवें नाहीं. त्या हंशाविषयींच आज आम्हांस चार शब्द लिहावयाचे आहेत. कारण व्यसनाचें बळ जितकें तंबाखूंत व दारूंत आहे, तितकेंच तें या हंशांत आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

आधीं रोगाचें मान पाहूं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील पंधरा वर्षांवरील पुरुषांपैकीं ३३.८ टक्के तंबाखूचें सेवन करणारे व १३.९ टक्के मद्य घेणारे आढळले. स्त्रियांमध्यें मद्याचें प्रमाण अवघें ०.४ टक्के असलें, तरी तंबाखूचें १०.९ टक्के आहे. सकाळीं दातांना लावावयाची मिसरी ही तंबाखूच होय, हें आमच्या घरांतून सोयीस्करपणें विसरलें जातें. २०१६-१७ च्या तंबाखूविषयक पाहणीनें आणखी एक गोष्ट उघड केली. महाराष्ट्रांत विडी-सिगारेट ओढणारे ३.८ टक्के, तर तंबाखू चघळणारे अथवा लावणारे २४.४ टक्के निघाले. सार्वजनिक जागीं धूम्रपानास २ ऑक्टोबर २००८ पासून देशभर बंदी आली, त्याच्या पाट्या सर्वत्र लागल्या. पण आमच्या मोंढ्यांतला हमाल, मापाडी, मुनीम आणि खुद्द अडत्या ज्या पुडीवर दिवस काढतो तिचा धूर निघत नाहीं. धूर नाहीं म्हणून शेजाऱ्यास त्रास नाहीं, आणि त्रास नाहीं म्हणून ती व्यसनांत गणलीच जात नाहीं.

आतां कोणी म्हणेल, लोकांना सोडावयाचेंच नाहीं, त्यास कोण काय करणार? हें खरें नव्हे. त्याच पाहणींत भारतांतील ओढणाऱ्यांपैकीं ३८.५ टक्के व चघळणाऱ्यांपैकीं ३३.२ टक्के लोकांनीं मागील बारा महिन्यांत सोडण्याचा प्रयत्न केल्याचें सांगितलें. म्हणजे दर तीन माणसांत एक जण वर्षाच्या आंत या वाटेस लागला होता! परंतु त्यांतील बहुतेकांनीं हा प्रयत्न कोणाचीही मदत न घेतां केला. इच्छा आहे, शपथ आहे. नाहीं ती सोबत.

सोबतीचें महत्त्व समजण्यासाठीं फार लांब जावयास नको. गुरु गोविंदसिंहांनीं १७०८ सालीं नांदेड येथें देह ठेवला. त्यांनीं १६९९ मध्यें स्थापिलेल्या खालशाच्या आचारधर्मांत तंबाखू निषिद्ध आहे, आणि सचखंड श्री हुजूर साहिबाच्या सावलींत वाढलेल्या समाजाच्या आचारांत तो निषेध आजवर टिकून आहे. लातूर-उदगिराकडचा वारकरी गळ्यांत तुळशीची माळ घालतो, ती मद्यमांस वर्ज्य करूनच. हीं उदाहरणें धर्माच्या खात्यावर जमा करून मोकळें होणें सोपें आहे. आम्ही तीं निराळ्या दृष्टीनें पाहतों. माळकरी एकटा नसतो. त्याला दिंडी असते, पंधरवड्यास एकादशी असते, आणि दोन वेळां भजनास आला नाहीं तर 'काय झालें?' म्हणून दारीं येऊन विचारणारा सोबती असतो. पूर्वींची बैठक सुटते तिच्या जागीं दुसरी बैठक मिळते. ज्यानें नुसती शपथ घेतली त्याची मात्र बैठक जुनीच राहते; शपथ नवी आणि संगत जुनी, या झुंजींत कोण जिंकणार हें सांगावयास ज्योतिषी नको.

याच्या उलट बाजूचें उदाहरणही आमच्याच इतिहासांत आहे. १९४७-४८ च्या हैदराबाद मुक्तिसंग्रामांत स्टेट काँग्रेसच्या कार्यकर्त्यांनीं मराठवाड्यांत ठिकठिकाणीं शिंदीचीं झाडें तोडलीं. निजामाच्या तिजोरींत जाणारें अबकारीचें उत्पन्न बुडवावें हा त्या कुऱ्हाडीचा मुख्य रोख होता आणि राजकीय शस्त्र म्हणून तें उचितच होतें. सप्टेंबर १९४८ मध्यें निजामी राजवट संपली. पुढें १९५६ सालीं मराठवाडा मुंबई राज्यांत आला. त्या राज्याचा १९४९ चा दारूबंदी कायदा आज महाराष्ट्राच्या नांवानें पुस्तकांत आहे आणि परवान्याचीं दुकानें राजरस्त्यावर आहेत. झाड तोडल्यानें पुरवठा तुटतो, घशाची कोरड तुटत नाहीं. पुरवठा तोडूं नये असें आमचें म्हणणें नाहीं. कुऱ्हाडीनें जें काम होत नाहीं तें कोणी करावयाचें, एवढाच आमचा प्रश्न आहे.

त्याचें एक उत्तर दारूनें पोळलेल्या माणसांनीं स्वतःच शोधून काढलें. न्यूयॉर्कच्या शेअर बाजारांत वावरणारा बिल विल्सन नांवाचा गृहस्थ दारूपायीं सर्वस्व गमावून बसला होता. डिसेंबर १९३४ मध्यें त्यानें ती सोडली. मे १९३५ मध्यें धंद्यानिमित्त तो अॅक्रन या परक्या शहरीं गेला आणि तेथें व्यवहार फसला. खिशांत पैसा नाहीं, ओळखीचें कोणी नाहीं, आणि उतरला होता त्या हॉटेलांतच मद्यालय गजबजलेलें. त्या वेळीं त्यानें नवी शपथ घेतली नाहीं. तो टेलिफोनाकडे गेला आणि या गांवीं माझ्यासारखा दुसरा कोणी दारूनें गांजलेला मनुष्य भेटेल काय, अशी चौकशी त्यानें चालविली. अशा रीतीनें डॉ. बॉब स्मिथ या शस्त्रवैद्याशीं त्याची गांठ पडली. दोघे बोलत बसले. डॉ. स्मिथनें त्याच वर्षीं १० जूनला शेवटचा प्याला घेतला, आणि तोच दिवस 'अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस' या संघाचा जन्मदिन मानला जातो. भारतांत त्याचें कार्य १९५७ पासून चालू आहे. येथें वर्गणीची सक्ती नाहीं, आडनांवाची विचारपूस नाहीं. एकानें आपली हकीकत सांगावी व दुसऱ्यानें ती ऐकावी, एवढाच विधि. दुसऱ्यास सांवरूं गेल्यानें आपणच सांवरलों, हा विल्सनचा अनुभव व्यापाऱ्यांनीं विशेष लक्षांत घ्यावा. कारण ज्यांत देणारा व घेणारा दोघेही नफ्यांत राहतात असे व्यवहार जगांत थोडेच आहेत.

हें परदेशचें रोप आमच्या मातींत रुजतें काय, या शंकेस पुण्याचें मुक्तांगण उत्तर देतें. डॉ. अनिता अवचट व डॉ. अनिल अवचट यांनीं १९८६ सालीं पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या साह्यानें हें केंद्र उभें केलें. तेथें उपचार घेऊन बरे झालेले कित्येक लोक पुढें तेथेंच कार्यकर्ते झाले. नव्यानें आलेल्या रुग्णास उपदेश करणारा मनुष्य त्याच खाटेवर कधीं काळीं पडून होता, हें कळल्यावर उपदेशाचा अर्थच पालटतो.

ज्यांनीं व्यसन सोडलें त्यांच्या अनुभवांतून तीन गोष्टी पुनःपुन्हां ऐकूं येतात. पहिली, तल्लफ ही लाटेसारखी असते. ती येते, चढते आणि बहुधा कांहीं मिनिटांत ओसरते. ती कायमचीच राहणार या भीतीनें मनुष्य हरतो. त्या मिनिटांपुरती बडीशेप, लवंग, गार पाणी किंवा उठून चार पावलें चालणें पुरतें. तंबाखू सुटल्यावर पहिले कांहीं दिवस चिडचिड होते, डोकें जड होतें, झोंप बिघडते. हा शरीराचा हिशेब आहे, मनाचा दुबळेपणा नव्हे. दुसरी गोष्ट, एकदां पाय घसरला म्हणजे सर्व बुडालें असें नाहीं. पुष्कळांचें व्यसन पहिल्या प्रयत्नांत सुटत नाहीं, तिसऱ्या-चौथ्या वेळीं सुटतें. म्हणून घसरलेल्यास हंसणारा त्याच्या पुढच्या प्रयत्नाचा गळा दाबतो. तिसरी गोष्ट फार महत्त्वाची, आणि तेथें शपथ घातकही होऊं शकते. जो वर्षानुवर्षें रोज भरपूर दारू पितो त्यानें ती एकदम बंद केली, तर दोन-तीन दिवसांत हात थरथरणें, झटके येणें, भ्रम होणें असे प्रकार घडतात व प्रसंगीं प्राणावर बेततें. अशा माणसास खोलींत कोंडणें हा इलाज नव्हे. त्यास डॉक्टरच्या देखरेखीखालींच सोडविलें पाहिजे.

उशीर झाला म्हणून निराश होणाऱ्यांसाठीं एक पुरावा सांगतों. इंग्लंडांतील डॉक्टरांच्याच धूम्रपानाची पाहणी १९५१ पासून पन्नास वर्षें चालली. तीत असें दिसलें, कीं जन्मभर सिगारेट ओढणारा सरासरीनें दहा वर्षें आधीं मरतो. पण तिसाव्या वर्षीं सोडणारा तीं दहाही वर्षें परत मिळवितो, चाळिसाव्या वर्षीं सोडणारा नऊ, पन्नासाव्या वर्षीं सहा आणि साठाव्या वर्षींसुद्धां तीन. चघळण्याच्या तंबाखूचा दंड तोंडाच्या कर्करोगानें वसूल होतो. शरद पवार यांना २००४ मध्यें या रोगाची शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली आणि तंबाखू-गुटख्याच्या संवयीची किंमत त्यांनीं पुढें जाहीरपणें बोलून दाखविली. आर. आर. पाटील यांच्यासारखा लोकप्रिय मंत्री फेब्रुवारी २०१५ मध्यें याच रोगानें आम्हांतून गेला. ज्यांच्या शब्दानें राज्याचा कारभार हाले, त्यांनाही पुडीनें सूट दिली नाहीं. मग पेठेंतल्या माणसास ती सूट देईल काय?

'ज्याचें त्याचें खासगी आहे, आपण कशाला पडा?' असें सांगणारे सज्जन पुष्कळ आहेत. आम्ही त्यांना विचारतों, व्यसन लागलें तेव्हां तें खासगी होतें काय? पहिली चिमूट कोणीतरी मित्रानें दिली. पहिला पेला लग्नाच्या वरातींत, सौद्याच्या आनंदांत किंवा निवडणुकीच्या जेवणावळींत कोणीतरी हातांत कोंबला. लावतांना दहा जण होते, आणि सोडतांना तेवढें त्यानें एकट्यानें सोडावें, हा कोणता न्याय?

म्हणून आमचें मागणें शपथ घेणाऱ्यापाशीं नाहीं. तें त्याच्या भोंवतालच्या शहाण्या लोकांपाशीं आहे. नांदेड व लातूर येथील व्यापाऱ्यांनीं आपल्या पेढीची किंवा संघाची एक खोली आठवड्यांतून एक संध्याकाळ अशा बैठकीस मोकळी करून द्यावी. भाडें नको, भाषण नको, सतरंजी आणि पाण्याचा माठ पुरे. गादीवर आलेल्या गिऱ्हाइकापुढें तंबाखूचा डबा सरकविण्याची चाल बंद करावी. उपचार घेऊन परतलेल्या नोकरास कामावरून काढूं नये व त्याच्या मागें कुजबुजूं नये. लग्नकार्यांत 'नको' म्हणणाऱ्यास आग्रह करणें हा पाहुणचार नसून अपराध आहे, असें घरांतील वडीलधाऱ्यांनीं एकदां उघड सांगावें. ज्या वस्तींत दुकानाचा जाच असह्य झाला असेल, तेथील स्त्रियांनीं 'आडव्या बाटली'च्या मतदानाचा हक्क वापरावा. त्यांनीं मागणी केल्यास तें मतदान घेतां येतें आणि नियमानें ठरलेलीं मतें पडल्यास दुकान बंद होतें. तंबाखू सोडण्याच्या सल्ल्यासाठीं १८००-११-२३५६ आणि दारू व इतर नशेसाठीं १४४४६ हे सरकारी दूरध्वनि मोफत आहेत. ते भिंतीवर दिनदर्शिकेशेजारीं लिहून ठेवावे. मुंबईचा पत्ता शोधीत बसण्यापेक्षां हें अधिक हिताचें.

यांतील कोणत्याही गोष्टीस मोठा पैसा लागत नाहीं, कायद्याची वाट पाहावी लागत नाहीं. लागतो तो एवढाच निश्चय, कीं सोळाव्या दिवशीं आडोशाला उभा असलेला शेजारी दिसला असतां हंसावयाचें नाहीं. जवळ जाऊन 'उद्यां पुन्हां सुरुवात करूं, मी येतों' असें म्हणावयाचें. पेठेनें आजवर अनेकांचीं दिवाळीं सांवरून घेतलीं आहेत. या दिवाळखोरीसही तिनें तोच न्याय लावावा.