उत्तरापुढचा प्रश्न

बंगळूरच्या पूर्वेकडील महादेवपुरा हा भाग आज माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांच्या काचेच्या इमारतींसाठी ओळखला जातो. पुणे, सोलापूर, कोल्हापूर, बेळगाव येथून नोकरीनिमित्त आलेली अनेक मराठी कुटुंबे या परिसरात स्थिरावली आहेत. गणेशोत्सवात मुलांसाठी प्रश्नमंजूषा ठेवण्याची आपली प्रथा बहुतेकांनी येथेही सोबत आणली. देशोदेशीच्या राजधान्या आणि नोबेल विजेत्यांची नावे या मुलांना तोंडपाठ असतात. मात्र ज्या भूमीवर ती लहानाची मोठी होत आहेत, तिच्याविषयीचे सामान्यज्ञान बहुधा एका वाक्यात आटोपते आणि ते वाक्यही कधी कधी चुकीचे असते.

बंगळूरच्या नावाचेच उदाहरण पाहावे. होयसळ राजा वीरबल्लाळ शिकारीत वाट चुकला, एका वृद्धेने त्याला उकडलेले दाणे खाऊ घातले आणि त्यावरून ‘बेंदकाळूरु’, अर्थात उकडलेल्या दाण्यांचे गाव, असे नाव पडले, ही कथा सर्वत्र सांगितली जाते. हा राजा बाराव्या शतकाच्या उत्तरार्धातील. परंतु शहराच्या दक्षिणेस बेगूर येथील देवळात इ. स. ८९० च्या सुमाराचा एक वीरगळ आहे आणि त्यावरील कानडी लेखात ‘बेंगळूरु’च्या लढाईचा स्पष्ट उल्लेख आहे. राजाला भूक लागण्यापूर्वी सुमारे तीनशे वर्षे गावाला नाव होते! कथा गोड असली, तरी तिला गुण देता येणार नाहीत.

‘बंगळूर कोणी वसविले?’ या प्रश्नाचे ‘केंपेगौडा, १५३७’ हे उत्तर बरोबर आहे. मराठी मुलांसाठी खरा रस त्यापुढच्या शंभर वर्षांनंतर आहे. १६३८ मध्ये विजापूरच्या फौजांनी हे शहर जिंकले आणि ते शहाजीराजांना जहागीर म्हणून मिळाले. बाल शिवाजीराजांचाही काही काळ येथे गेला. शहाजीराजांच्या दरबारी जयराम पिंड्ये नावाचा कवी आला आणि त्याने राजांपुढे बारा नारळ ठेवले. आपण बारा भाषांत कविता करतो, असे त्याला त्यातून सुचवावयाचे होते. त्याच्या ‘राधामाधवविलासचंपू’ या ग्रंथात अनेक भाषांतील रचना आहेत. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी तो संपादून १९२२ मध्ये प्रसिद्ध केला. महादेवपुऱ्यातील एखाद्या इमारतीच्या उद्वाहनात आज चार-पाच भाषा एकाच वेळी कानी पडतात. त्याचे नवल वाटणाऱ्यांनी हे बारा नारळ आठवावेत.

शहाजीराजांचे पुत्र एकोजीराजे यांचा १६६९ चा शिलालेख मल्लेश्वरम येथील काडू मल्लेश्वर मंदिरात आहे. पुढे एकोजीराजांनी हे शहर म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयर यांना तीन लाख रुपयांना विकण्याचे ठरविले. व्यवहार पूर्ण होण्यापूर्वीच, १६८७ मध्ये, मोगल सरदार कासिमखान याने ते घेतले आणि नंतर त्याच किमतीस वोडेयरांच्या हवाली केले. तीन लाखांत आज येथे फार तर मोठ्या सदनिकेच्या भाड्याची अनामत भागते.

भाषेतील देवघेव याहूनही जुनी आहे. आपल्या ताटातील ‘तूप’ हे कानडी ‘तुप्प’, तर ‘अण्णा’ आणि ‘अक्का’ ही नातीही तिकडचीच.

विज्ञानाचा प्रश्न तर थेट महादेवपुऱ्याच्या अंगणातील आहे. भारताच्या शास्त्रशुद्ध मोजणीचा पाया घालणाऱ्या विल्यम लॅम्बटन यांनी १८०० च्या अखेरीस कृष्णराजपुरम ते अगरम अशी सुमारे साडेसात मैलांची आधाररेषा मोजली. साधन होते शंभर फुटांची पोलादी साखळी! त्रिकोणाची एक बाजू अचूक मोजली, की उरलेल्या दोन बाजू कोनांवरून गणिताने काढता येतात. म्हणून त्या एका रेषेसाठी सुमारे दोन महिने खर्ची पडले. त्याच पट्ट्यातून आज वाहने मुंगीच्या गतीने सरकतात.

येथून काही किलोमीटरवर हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा विमान कारखाना आहे. तो सरकारी आहे, एवढे सर्वांना ठाऊक असते. डिसेंबर १९४० मध्ये त्याची स्थापना मात्र सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी, म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने केली. १९४२ मध्ये, युद्धकाळात, त्याचा ताबा भारत सरकारकडे गेला.

सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचे नाव घेताच कृष्णराजसागर धरण आठवते. त्यांचे अभियांत्रिकीचे शिक्षण पुण्यात झाले आणि त्यांनी योजलेली स्वयंचलित दारे प्रथम खडकवासल्याला, १९०३ मध्ये बसली. बँक क्षेत्रातील मंडळींनी आणखी एक नोंद ठेवावी: १९१३ मध्ये स्थापन झालेल्या बँक ऑफ म्हैसूरमागेही त्यांचीच प्रेरणा होती. स्टेट बँक ऑफ म्हैसूर या नावाने वाढलेली ही बँक २०१७ मध्ये भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली.

शेवटी चित्रपट. रजनीकांत यांचे मूळ नाव शिवाजीराव गायकवाड, हे आता लहान मुलेही सांगतात. १९५० मध्ये बंगळुरात मराठी कुटुंबात जन्म, कानडी शाळेत शिक्षण, शहराच्या बससेवेत वाहकाची नोकरी आणि १९७५ मध्ये ‘अपूर्व रागंगळ’ या तमिळ चित्रपटातून पदार्पण. पण नाव का बदलावे लागले? कारण तमिळ पडद्यावर शिवाजी गणेशन आधीपासूनच होते, म्हणून दिग्दर्शक के. बालचंदर यांनी नवे नाव दिले. मग गणेशन यांना ‘शिवाजी’ हे नाव कोठून मिळाले? १९४० च्या दशकात सी. एन. अण्णादुराई यांच्या नाटकात त्यांनी शिवछत्रपतींची भूमिका केली. ती पाहून पेरियार ई. व्ही. रामस्वामी यांनी त्यांना ‘शिवाजी’ म्हटले आणि तेच नाव कायम राहिले.