चॅसिस त्यांची, बॉडी आपली

दापोडीच्या एसटी कार्यशाळेत बस कधीच मुळापासून घडली नाही. इंजिन आणि चाकांसकट चॅसिस यायची टाटा किंवा अशोक लेलँडकडून. पत्रा, आसनं, खिडक्या चढायच्या इथे. याच दापोडीवरून मेट्रोने कामाला जाणाऱ्या प्रोग्रॅमरच्या लॅपटॉपवरचा कोड एडिटरही चॅसिसच म्हणायचा. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये आणलेला व्हीएस कोड नुसता घेतला, तर सी किंवा पायथनची खरी समज त्याला नसते. ती एक्स्टेन्शन, म्हणजे वरून जोडायचा पूरक प्रोग्रॅम, टाकल्यावर येते.

पूर्वी प्रत्येक एडिटरसाठी प्रत्येक भाषेची जोडणी वेगळी करावी लागे. वीस एडिटर आणि तीस भाषा म्हणजे सहाशे जोडण्या. २०१६ मध्ये 'लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल' जाहीर झाला आणि दोघांमधलं बोलणं ठरावीक साच्यात आलं. सहाशेच्या जागी पन्नास जोडण्यांत काम भागू लागलं. माझ्या मते एआयच्या गाजावाजाआधीची सगळ्यात मोठी सोय हीच, पण तिचं कौतुक कुणी केलं नाही.

पिंपरी-चाकण पट्ट्यात हा विषय थेट गाडीशी जोडलेला आहे. ब्रेक, इंजिन सांभाळणाऱ्या छोट्या संगणकांतला कोड बहुधा सी भाषेत असतो आणि त्याला सुरक्षित सी लिहिण्याचे 'मिस्रा' नियम लागतात. त्यांची पहिली आवृत्ती १९९८ची. फंक्शनने स्वतःलाच बोलावू नये, हा त्यातला एक नियम. कारण साधं आहे: मेमरी इवलीशी, आणि ती नेमकी किती लागेल हे आधी सांगता आलं पाहिजे. अशा कोडमधले दोष हुडकणारं 'टीसीएस एम्बेडेड कोड अॅनालायझर' पुण्यातच, टाटांच्या १९८१ पासूनच्या टीआरडीडीसी या संशोधन केंद्रात घडलं. सगळा कोड तपासून अहवाल काढणं वेगळं आणि एक्स्टेन्शनमुळे एडिटरमध्ये लिहितानाच ओळीखाली नागमोडी रेघ उमटणं वेगळं. रेघ दिसते तेव्हा ती ओळ का लिहिली हे डोक्यात ताजं असतं. आठवड्याने आलेल्या अहवालापुढे स्वतःचाच कोड परका वाटतो.

म्हणून दिसेल ते एक्स्टेन्शन चढवावं का? व्हीएस कोडमध्ये एक्स्टेन्शनला एडिटरइतकेच अधिकार मिळतात: फाइली वाचणं, बदलणं, नेटवर्कवर पाठवणं. रंगसंगतीच्या नावाखाली आलेलं पाहुणंही याला अपवाद नाही. ग्राहकाचा कोड हाताळणाऱ्या कंपन्या मंजूर एक्स्टेन्शनचीच यादी ठेवतात, ते उगाच नाही. एआय मदतनिसाबाबत तर हा प्रश्न आधी विचारावा, कारण यातले बहुतेक तुमच्या फाइलीतला मजकूर बाहेरच्या सर्व्हरवर धाडूनच उत्तर आणतात.

एडिटर जड झाला की लोक लॅपटॉपला शिव्या घालतात. त्याआधी 'शो रनिंग एक्स्टेन्शन्स' ही आज्ञा चालवावी. कोण सुरू व्हायला किती मिलिसेकंद घेतं ते समोर येतं. एखादं सरळ बिघडलेलंच असेल, तर 'एक्स्टेन्शन बायसेक्ट' दर वेळी निम्मी बंद करून विचारतं, त्रास गेला का? दोन-चार फेऱ्यांत गुन्हेगार सापडतो.