काजूगराचा उतारा आणि हिशेबातील खोट

गोव्याच्या सीमेला लागून असलेल्या दोडामार्ग तालुक्यात काजू हे प्रमुख नगदी पीक असून, काजू बी फोडून गर काढणाऱ्या छोट्या उद्योगांत खरेदी, वजन आणि नोंदी ही कामे अनेकदा एखाद-दुसऱ्या विश्वासू माणसाकडेच असतात. त्यामुळे अपहार झाला तरी तो लवकर उघडकीस येत नाही. अशा ठिकाणी डेटा विश्लेषण, म्हणजेच साठलेल्या नोंदी परस्परांशी पद्धतशीरपणे पडताळून विसंगती शोधणे, उपयोगी पडते आणि त्यासाठी संगणकावरील साधी स्प्रेडशीटही पुरते.

पहिली कसोटी उताऱ्याची, म्हणजे बीच्या वजनाशी मिळालेल्या गराच्या प्रमाणाची. वेंगुर्ला-4 या जातीचा उतारा सुमारे 31 टक्के असतो, मिश्र मालाचा त्याहून कमी. समजा, नेहमी 1,000 किलो बीमागे 280 किलो गर मिळतो, पण एकाच व्यक्तीमार्फत घेतलेल्या लॉटमध्ये तो वारंवार 240 किलोच भरतो. तर बी ओली किंवा पोचट असेल, कागदावर वजन वाढवले असेल, अथवा गर परस्पर गेला असेल. ओलाव्याची नोंद, काट्याची पावती आणि प्रत्येक टप्प्यावरील वजन तारखेनिहाय जुळवले की यांपैकी खरे कारण कोणते, ते वेगळे काढता येते.

दुसरी कसोटी देयकांची. शेतकऱ्याकडून घेतलेल्या न सोललेल्या काजू बीवरील जीएसटी रिव्हर्स चार्ज पद्धतीने, म्हणजे नोंदणीकृत खरेदीदारानेच भरायचा असतो आणि विक्रेता नोंदणीकृत नसल्यास बिलही खरेदीदारच तयार करतो. म्हणून केवळ बिल हा खरेदीचा स्वतंत्र पुरावा ठरत नाही. दोन नावांच्या विक्रेत्यांचे बँक खाते एकच असणे किंवा एकच काटापावती दोनदा लागणे या खुणा संगणक क्षणात दाखवतो. सीमेपलीकडे जाणाऱ्या 50,000 रुपयांहून अधिक किमतीच्या मालाला लागणारे ई-वे बिलही विक्रीच्या नोंदींशी ताडून पाहता येते.

मात्र विसंगती हा चौकशीचा आरंभ असतो, गुन्ह्याचा निर्णय नव्हे. असोसिएशन ऑफ सर्टिफाइड फ्रॉड एग्झामिनर्स या संस्थेच्या 2024 च्या जागतिक अहवालातही 43 टक्के प्रकरणे कोणीतरी दिलेल्या माहितीमुळे उघडकीस आल्याचे नोंदवले आहे. म्हणूनच पडताळणीचे नियम मालकाच्या नातेवाइकांसह सर्वांना सारखे लागू करणे आणि खरे सांगणाऱ्या कामगाराला संरक्षण देणे अत्यावश्यक आहे. कारण चोख नोंदी जशा अपहार उघड करतात, तशाच त्या प्रामाणिक माणसावरचा नाहक संशयही दूर करतात.