एकाच रेणूत धातू आणि गंधक

घरी लोणी कढवून तूप केल्यावर ते सावकाश निवू दिले तर छान रवाळ होते. तेच गरम तूप एकदम थंड केले, तर रवा धरतच नाही. गुळगुळीत लगदा होतो. दाणा मोठा व्हावा की बारीक, हे दाणे किती झपाट्याने जन्मतात आणि त्यांना वाढायला किती सवड मिळते, यावर ठरते. एवढे ध्यानात ठेवा, म्हणजे आजचा विषय निम्मा समजला.

आपल्याला हवा आहे धातूच्या सल्फाइडचा अतिसूक्ष्म कण, काही नॅनोमीटरचा. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले, की त्यातला एक भाग म्हणजे नॅनोमीटर. इतके बारीक कशासाठी? कॅडमियम सल्फाइडची साधी पूड गडद पिवळी असते. पण कण पाच-सहा नॅनोमीटरच्या खाली गेला, की पिवळेपणा फिका होऊ लागतो आणि फार लहान कण जवळजवळ रंगहीन दिसतात. पदार्थ तोच, फक्त आकार लहान! या शोधांबद्दल 2023 साली बावेंडी, ब्रूस आणि येकिमोव्ह यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

शिक्षकमित्रांना किपचे उपकरण आठवत असेल, आणि त्यातल्या वायूचा सडक्या अंड्यासारखा वासही. तो वायू कॅडमियमच्या द्रावणात सोडला की पिवळा साका पडतो खरा, पण कण लहानमोठे, एकमेकांना चिकटलेले. 1993 साली बावेंडी व त्यांच्या विद्यार्थ्यांनी अमेरिकेत एकसारखे कण करून दाखवले. मात्र त्यासाठी डायमिथिल कॅडमियम लागे. ते विषारी, शिवाय हवेत आपोआप पेट घेणारे. असला पदार्थ साध्या प्रयोगशाळेने हाताळायचा कसा?

लंडनच्या इंपीरियल कॉलेजात ट्रिंडाडे आणि ओब्रायन यांनी 1996-97 च्या सुमारास वेगळी वाट धरली. धातू एकीकडून आणि गंधक दुसरीकडून आणण्याऐवजी दोघेही एकाच रेणूत आधीच जुंपलेले असावेत, जणू एकाच जुवाखालची बैलजोडी. असा रेणू म्हणजे धातूचा डायथायोकार्बामेट. त्यात धातूला गंधकाचे अणू थेट बिलगलेले असतात.

हे नाव अगदी परके नाही बरे का! द्राक्षबागाईतदार फवारतात ते मँकोझेब याच कुळातले. त्यात मँगनीज आणि जस्त आहे. रबर पक्के करताना जस्ताचा डायथायोकार्बामेट घालतात. म्हणून लगेच कोणी बुरशीनाशक चुलीवर ठेवू नये! तापल्यावर त्यातून कार्बन डायसल्फाइड, हायड्रोजन सल्फाइड असे घातक वायू निघतात. विद्यार्थ्यांना हे बजावून सांगा.

आता कृती. कोरडा डायथायोकार्बामेट घ्यायचा. ओलेइलअमाइनसारखा उशिरा उकळणारा द्रव हवा काढून तापवायचा. साधारण दीडशे ते अडीचशे अंश सेल्सिअस. त्यात डायथायोकार्बामेट एकदम ओतला की रेणूचा कार्बन-नायट्रोजनचा भाग तुटून निघून जातो आणि धातू-गंधकाची जोडी मागे राहते. क्षणात असंख्य बीजकण जन्मतात, तुपासारखेच. मग उरलेला माल त्यांच्यावर चढतो. द्रवाचे लांब शेपटीचे रेणू कणाभोवती वेढा घालतात, त्यामुळे कण एकमेकांना चिकटत नाहीत. हवा तेवढा आकार आला की भांडे थंड करायचे. मिथेनॉल घालून कण खाली बसवायचे, धुवायचे, झाले.

या पद्धतीत सगळे सोपे आहे असे मात्र मी म्हणणार नाही. रेणू ज्या प्रमाणात बांधला, त्याच्या बाहेर जायला फारसा वाव नाही. आणि कण बारीक झाला म्हणून कॅडमियमचे विष कमी होत नाही. त्यामुळे आता जस्त, तांबे, कथील यांच्या सल्फाइडांकडे संशोधकांचा ओढा आहे. कॅडमियमच्या कणावर जस्त सल्फाइडचे कवच चढवण्याचीही रीत आहे. ते कवचही जस्ताच्या डायथायोकार्बामेटपासून करता येते आणि ते चढले की कणाचा प्रकाश अधिक उजळतो.