कार्यप्रणालीचे स्वयंसेवक परीक्षक

संगणकाचा पडदा, कळफलक, स्मृती व मुद्रणयंत्र यांच्याकडून मेळाने काम करवून घेणारी जी मूळ आज्ञावली, तिला कार्यप्रणाली म्हणतात. १९९१ साली हेलसिंकी येथील लिनस टोर्वाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने अशा प्रणालीचा गाभा लिहून तो सर्वांस खुला केला. 'लिनक्स' तो हाच.

अशा कार्यास हातभार लावावयाचा तर आज्ञावली लिहिता आलीच पाहिजे, हा समज आम्हांस मान्य नाही. लिहिणाऱ्यांजवळ यंत्रे असून असून किती असणार? एकाच्या संगणकावर सुरळीत चालणारी आवृत्ती दुसऱ्याच्या संगणकावर ध्वनीच उमटू देत नाही. आणि त्या दुसऱ्याने सांगितल्यावाचून हे कोणास कळावे?

म्हणून गाभ्याच्या प्रत्येक नव्या आवृत्तीसाठी प्रथम सुमारे दोन आठवडे बदल स्वीकारले जातात व पुढे साधारणतः सात आठवडे, दर आठवड्यास एक, चाचणी-आवृत्त्या निघतात. स्वयंसेवकाने त्या आपल्या यंत्रावर चालवून पाहाव्यात. घरचे हिशेब व परीक्षेची टिपणे ज्यावर आहेत त्या यंत्रावर मात्र नव्हे!

दोष आढळल्यास 'चालत नाही' एवढेच कळविणे म्हणजे वैद्यास 'बरे नाही' इतकेच सांगणे होय. यंत्र कोणते, आवृत्ती कोणती, काय केले, काय व्हावयास हवे होते व काय झाले, हे लिहावे. तेच पुन्हा केल्यास दोष पुन्हा दिसतो काय, हे तर अवश्य लिहावे.

जुन्या आवृत्तीत नसलेला दोष नव्या आवृत्तीत उद्भवला, तर त्याचे मूळही परीक्षकास शोधता येते. मधले बदल १०,००० असोत. नेमक्या मध्यावरची अवस्था चालवून पाहावी. दोष दिसला तर तो पूर्वार्धात शिरला, न दिसला तर उत्तरार्धात. उरलेल्या भागाचा पुन्हा मध्य घ्यावा. अशा अवघ्या १४ चाचण्यांत दोषी बदल हाती लागतो! मध्य काढून देण्याचे काम 'गिट' नावाचे साधन करते. परीक्षकाने केवळ 'बरे' किंवा 'वाईट' सांगावयाचे.

गाभ्याला अक्षरवळणे व इतर आज्ञावल्यांची जोड देऊन 'डेबियन'सारख्या पूर्ण प्रणाली सिद्ध होतात. डेबियनचा आरंभ १९९३ सालचा. येथे मराठी वाचकाचा उपयोग विशेष. 'आचार्यास' आणि 'आचाऱ्यास' यांतील भेद परदेशस्थ अभियंत्यास कसा दिसावा? पडद्यावर दोन्ही सारखेच उमटू लागले, तर गुरुजींस दिलेले निमंत्रण स्वयंपाक्यास पोहोचावयाचे! अशा वेळी शुद्ध रूप, पडद्याचे चित्र व अक्षरवळणाचे नाव कळवावे. दुरुस्ती करणाऱ्यास मराठीचे एक अक्षरही येत नसले तरी तेवढ्यावरून त्यास काम करता येते.