स्फैरा (प्राचीन ग्रीक संज्ञा)

स्फैरा हा प्राचीन ग्रीक भाषेतील स्त्रीलिंगी शब्द असून त्याचा मूळ अर्थ 'चेंडू' असा आहे. पुढे भूमितीतील गोल, ताऱ्यांनी जडलेले आकाश, ग्रहांना वाहून नेणारी कल्पित कवचे आणि आकाशाची हातात धरता येणारी प्रतिकृती या सर्वांसाठी हाच शब्द योजला गेला. लॅटिन भाषेतून तो बहुतेक युरोपीय भाषांत पोहोचला. एकाच शब्दावर इतके अर्थ लादले गेल्यामुळे प्राचीन उताऱ्यांत लेखकाला घन गोल अभिप्रेत आहे, कड्यांचा सांगाडा की फिरते यंत्र, हे अनेकदा केवळ संदर्भावरून ठरवावे लागते.

चेंडू ते गोल

होमरच्या 'ओडिसी' या महाकाव्यात हा शब्द खेळाच्या प्रसंगी येतो. सहाव्या सर्गात राजकन्या नॉसिका सख्यांसह समुद्रतीरी चेंडू खेळते, तर आठव्या सर्गात दोन तरुण जांभळा चेंडू उंच फेकून नृत्य करतात. शब्दाची व्युत्पत्ती निश्चित झालेली नाही.

तत्त्वचिंतनात हा शब्द इ.स.पू. पाचव्या शतकात प्रवेशला. पार्मेनिडीजने 'सत्' या तत्त्वाला सर्व बाजूंनी सुघटित अशा चेंडूची उपमा दिली. एम्पेडोक्लीजने प्रेमतत्त्वाच्या प्रभावाखाली एकजीव झालेल्या विश्वाला त्याच शब्दाचे पुल्लिंगी रूप, 'स्फैरोस', हे नाव दिले. काटेकोर व्याख्या मात्र गणितज्ञांची आहे. युक्लिडच्या 'मूलतत्त्वे' या ग्रंथाच्या अकराव्या खंडात अर्धवर्तुळ स्वतःच्या व्यासाभोवती फिरवल्यास जी आकृती तयार होते ती स्फैरा, असे सांगितले आहे. थिओडोसिअसने 'स्फैरिका' या ग्रंथात मध्यबिंदूपासून सर्वत्र समान अंतरावर असलेल्या पृष्ठाची, म्हणजे आजच्या पाठ्यपुस्तकांना जवळची अशी व्याख्या दिली.

'वाटोळी' पृथ्वी

पृथ्वी गोल आहे असे प्रथम कोणी म्हटले, हा प्रश्न बऱ्याच अंशी शब्दार्थाचा आहे. ग्रीक भाषेत 'स्त्रोंगुलोस' हा 'वाटोळा' या अर्थाचा शब्द होता. मराठीतील 'वाटोळा' भाकरीलाही चालतो आणि लाडवालाही. स्त्रोंगुलोसचेही तसेच आहे. त्याउलट 'स्फैरोएइदेस' (चेंडूसारखा) या शब्दात संदिग्धता उरत नाही. डायोजिनीस लेर्शिअस या चरित्रकाराने पार्मेनिडीजच्या चरित्रात पृथ्वीसाठी दुसरा शब्द वापरला आहे. पण पायथागोरसच्या चरित्रात, जेथे तो थिओफ्रास्टसच्या मताचा हवाला देऊन हाच मान पार्मेनिडीजला देतो, तेथे पहिला शब्द येतो. त्यामुळे पार्मेनिडीजला पृथ्वी गोलाकार वाटत होती की तबकडीसारखी, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत.

प्लेटोच्या 'फीडो' या संवादातही सॉक्रेटिस प्रथम पृथ्वी 'सपाट की स्त्रोंगुलोस' असा प्रश्न मांडतो. परंतु त्याच संवादाच्या अखेरीस वरून पाहणाऱ्याला पृथ्वी चामड्याचे बारा तुकडे जोडून शिवलेल्या रंगीबेरंगी चेंडूसारखी दिसेल, असे म्हटले आहे. येथे पुन्हा स्फैरा हा खेळातला शब्दच कामी आला. आरिस्टॉटलच्या काळापर्यंत प्रश्न मिटला होता: चंद्रग्रहणातील छायेची कड नेहमी वक्र असते आणि उत्तरेकडे वा दक्षिणेकडे जाताना दिसणारे तारे बदलतात, असे पुरावे त्याने दिले आहेत.

आकाशातील कवचे

युडॉक्ससने (इ.स.पू. चौथे शतक) ग्रहगतीच्या स्पष्टीकरणासाठी एकाच मध्याभोवती फिरणाऱ्या २७ गोलांची रचना मांडली: सूर्य व चंद्र यांना प्रत्येकी ३, पाच ग्रहांना प्रत्येकी ४ आणि स्थिर ताऱ्यांना १. कॅलिपसने त्यांत भर घातली व आरिस्टॉटलने ही संख्या ५५ पर्यंत नेली. या गोलांनाही स्फैरा हेच नाव होते.

निरीक्षकाच्या स्थानावरूनही गोलाला नावे मिळाली. विषुववृत्तावर तारे क्षितिजाशी काटकोन करून उगवतात, म्हणून तेथील आकाश 'ओर्थे स्फैरा' (सरळ गोल), तर इतर अक्षांशांवरील आकाश तिरपा गोल. ताऱ्याच्या विषुवांशाच्या इंग्रजी नावातील 'राइट' हा शब्द या 'सरळ' गोलाचाच अवशेष आहे. उजव्या बाजूशी त्याचा संबंध नाही.

प्रतिकृतींची नावे

आकाशाच्या प्रतिकृतींत ग्रीकांनी दोन प्रकार वेगळे केले. 'स्तेरेआ स्फैरा' म्हणजे घन गोल. याच्या पृष्ठावर तारकासमूह रेखाटत. 'क्रिकोते स्फैरा' म्हणजे कड्यांचा गोल. यात विषुववृत्त, क्रांतिवृत्त इत्यादी वर्तुळे कड्यांनी दाखवून मधला भाग मोकळा ठेवत. अरबी भाषेत या यंत्राचे नाव 'कडी असलेले' अशाच अर्थाचे आहे, तर लॅटिन नाव 'आर्मिला' (बांगडी) या शब्दावरून आले. टॉलेमीने 'अल्माजेस्ट'मध्ये वर्णिलेले कड्यांचे वेधयंत्र मात्र 'अस्त्रोलाबोन' (ताऱ्याला पकडणारे) म्हटले आहे. नंतरच्या सपाट ॲस्ट्रोलेबशी त्याची गल्लत करू नये. अशा प्रतिकृती घडवण्याची विद्या ती 'स्फैरोपोइया'. आर्किमिडीजने या विषयावर लिहिलेला ग्रंथ आज उपलब्ध नाही.

टॉलेमीने घन गोल तयार करण्याची कृती तपशिलाने दिली आहे. गोलाचा रंग रात्रीच्या आकाशासारखा गडद असावा, तारे पिवळ्या ठिपक्यांनी आणि तेजस्वितेनुसार लहानमोठे दाखवावेत, आकृत्यांच्या रेषा फिकट ठेवाव्यात. ताऱ्यांचे भोगांश तो संपातबिंदूपासून न मोजता व्याधाच्या ताऱ्यापासून मोजतो, कारण संपातचलनामुळे पहिली पद्धत कालांतराने चुकीची ठरली असती. हा विचार पाहता त्याचा गोल शोभेची वस्तू नसून टिकाऊ उपकरण होता, हे उघड आहे.

गोलाकडे आपण बाहेरून पाहतो, त्यामुळे त्यावरील तारकासमूह आकाशातील दृश्याच्या उलट, आरशातल्याप्रमाणे दिसतात. नेपल्स येथील राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयातील 'फार्नेझी ॲटलस' या रोमन संगमरवरी पुतळ्याच्या खांद्यावरील सुमारे ६५ सेंमी व्यासाचा गोल असाच आहे. त्यावर आकृत्या आहेत, सुटे तारे नाहीत. मूळ माहिती हिपार्कसच्या तारासूचीवरून घेतली असावी, हा २००५ मध्ये मांडलेला तर्क वादग्रस्त ठरला. जर्मनीतील माइंझ येथील पितळी गोल अवघा ११ सेंमी व्यासाचा आहे.

आर्किमिडीजचा 'गोल'

इ.स.पू. २१२ मध्ये सिराक्यूज पडल्यावर रोमन सेनापती मार्सेलस याने आर्किमिडीजचे दोन गोल रोमला नेले, असे सिसेरो सांगतो. एक घन होता व तो मंदिरात ठेवला गेला. दुसऱ्यात सूर्य, चंद्र आणि पाच ग्रह यांच्या गती एकाच फिरवणीत दिसत. लॅटिनमध्ये दोहोंना 'स्फेरा' हाच शब्द आहे. दुसरे वर्णन दीर्घकाळ अतिशयोक्त मानले जाई. १९०१ मध्ये समुद्रतळातून वर काढलेल्या अँटिकिथेरा यंत्राच्या दंतचक्रांच्या अभ्यासानंतर त्याकडे गांभीर्याने पाहिले जाऊ लागले. या यंत्रावरील कोरीव मजकुरातही 'स्फैरिओन' (लहान गोल) हा शब्द वाचला गेला आहे.

भारतीय परंपरेत

ग्रीक ज्योतिषातील काही संज्ञा संस्कृतमार्गे मराठीत रूढ झाल्या. 'केंद्र' आणि 'होरा' ही त्यांची परिचित उदाहरणे. स्फैराच्या जागी मात्र 'गोल' हा स्वतंत्र शब्दच राहिला. आर्यभटाच्या 'आर्यभटीय' (इ.स. ४९९) या ग्रंथाच्या गोलपादात पारा, तेल व पाणी यांच्या साहाय्याने फिरणाऱ्या लाकडी गोलयंत्राचा उल्लेख आहे, तर भास्कराचार्यांच्या 'सिद्धांतशिरोमणी'चा (इ.स. ११५०) एक भाग 'गोलाध्याय' या नावाने ओळखला जातो. भूगोल आणि खगोल हे मराठी शब्द याच 'गोल'पासून बनले आहेत.