इंद्रजाल आणि हाथाजोडी : चोरट्या व्यापारातील नावे

वन्यप्राण्यांच्या अवयवांचा चोरटा व्यापार म्हटला की वाघाचे कातडे किंवा हत्तीचा दात डोळ्यांपुढे येतो. परंतु प्रवासाची आठवण म्हणून अथवा देवघरासाठी खरेदी केल्या जाणाऱ्या काही लहान वस्तूंच्या नावात प्राण्याचा मागमूसही नसतो, आणि हा व्यापार थांबविण्यातील पहिला अडथळा तोच होय.

‘इंद्रजाल’ घ्या. काळसर, जाळीदार, वाळलेल्या डहाळीसारखी ही वस्तू काचेच्या चौकटीत बसवून दृष्ट लागू नये म्हणून भिंतीवर लावतात. मुंबईत नायगाव-परळच्या चाळींतील पुष्कळ कुटुंबांचे मूळ कोकणात, समुद्र त्यांच्या ओळखीचा. तरीही तेथे कोणी तिला वनस्पती समजले, तर नवल नाही. वस्तुतः तो समुद्रपंखा, म्हणजे खडकाला चिकटून राहणाऱ्या असंख्य सूक्ष्म प्राण्यांच्या वसाहतीचा सांगाडा आहे. २००१ साली समुद्रपंख्यांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत स्थान मिळाले. संस्कृतात ‘इंद्रजाल’ म्हणजे जादू, नजरबंदी. विक्रेत्याने नाव अगदी योग्य निवडले आहे, असेच म्हणावे लागेल!

‘हाथाजोडी’ची कथा अधिक करुण आहे. जोडलेल्या हातांसारखी दिसणारी ही दुर्मिळ मुळी, असे सांगून ती शेंदूर लावून डबीत विकली जाते. प्रत्यक्षात ते नर घोरपडीचे जननेंद्रिय असते, हे २०१७ साली वन्यजीव-अभ्यासकांनी उघड केले. काही नमुने तर निव्वळ प्लॅस्टिकचे निघाले. सिंहगडाच्या आख्यायिकेमुळे घोरपड मराठी मनाला परकी नाही. ‘घोरपडीचा अवयव’ म्हटले असते, तर देवघरात तो ठेवण्यास किती जण धजले असते? येथे शब्दाचे रूपही लक्षणीय आहे. प्राकृत ‘हत्थ’ वरून मराठीत ‘हात’ आला, हिंदीत ‘हाथ’. मराठी बाजारातही हिंदी रूपच कायम राहते; त्यातील परकेपणा वस्तूला गूढता देतो. ‘सियारसिंगी’चेही तसेच, मराठीत ‘कोल्ह्याचे शिंग’ म्हणताच कोल्ह्याला शिंग नसते हे कोणाच्याही ध्यानात येईल.

घोरपडही पहिल्याच अनुसूचीत आहे. या अनुसूचीतील प्राण्यांच्या अवयवांचा व्यापार केल्यास किमान तीन व कमाल सात वर्षे कारावास आणि, २०२२ च्या दुरुस्तीनुसार, किमान २५,००० रुपये दंड होऊ शकतो. शिवाय अशी वस्तू नुसती जवळ बाळगणेही गुन्हा ठरू शकते, ही गोष्ट ग्राहकाला क्वचितच ठाऊक असते.

अनुसूचीत शास्त्रीय नावे असतात, दुकानात व्यवहारातील. दोहोंमधील हे अंतर भरून काढणारा बाजारी शब्दांचा कोश वनरक्षक, सीमाशुल्क अधिकारी आणि पर्यटनस्थळी फलक लिहिणारे यांच्या हाती असावयास हवा. तो करताना प्रत्येक शब्दाची सर्व लेखनरूपे नोंदविणे अगत्याचे आहे. कारण आंतरजालावरील विक्रीत ‘हाथाजोडी’ शोधणाऱ्यास ‘हत्थाजोडी’ वा ‘हाथाजोड़ी’ सापडेलच असे नाही.